टाके तिच्या कपाळावर, तडजोड मात्र तुमची

पत्राचा गोषवारा: पत्रलेखक पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी सुपरमार्केट चालवतात. ३२ माणसं कामाला, त्यांतल्या १९ मुली आणि बायका. सकाळी ९ ला शटर उघडतं, रात्री १० ला पडतं. पाच आठवड्यांपूर्वी, रविवारी संध्याकाळी, तेलाच्या डब्याच्या दरावरून एका गिऱ्हाइकाने कॅशवरच्या मुलीशी हुज्जत घातली. शनिवारी संपलेल्या ऑफरची पाटी रॅकवर तशीच होती. पाटीवरच्या दरापेक्षा बिलात ६० रुपये जास्त लागले. चारपैकी दोनच काउंटर चालू होते, रांग वाढली होती, दर बदलायचा पासवर्ड मॅनेजरकडे आणि मॅनेजर गोडाऊनमध्ये. तो माणूस मुलीच्या शरीरावरून घाणेरडं बोलला आणि शेवटी बारकोड स्कॅनर तिच्या तोंडावर फेकला. कपाळाला तीन टाके पडले. माणूस गावातल्या वजनदार घरातला. लेखकांनी चार माणसं बसवून प्रकरण मिटवलं, मुलीला १०,००० रुपये आणि आठ दिवसांची रजा दिली. आता ती परत आली आहे, पण कॅशवर बसत नाही. “मला तक्रार करायची होती, मला कोणी विचारलंच नाही,” असं म्हणते. आणखी दोघींनी संध्याकाळची पाळी नको म्हणून सांगितलं आहे. लेखक विचारतात: पोलिसांत जावं का, की दुकानाचं नाव खराब होईल? दारात दोन बाउन्सर ठेवावेत का? कॅशवर मुलींऐवजी मुलं बसवावीत का? आणि शेवटी, “एखाद्याचं डोकं फिरलं तर मालक काय करणार?”

नमस्कार.

सुरुवात तुमच्या शेवटच्या वाक्यापासून करू, कारण आधीचे तिन्ही प्रश्न त्याच्यातूनच निघाले आहेत. डोकं फिरलं, असं तुम्ही लिहिता. पण तुमचंच पत्र पुन्हा वाचून बघा. शनिवारची पाटी रविवारी संध्याकाळपर्यंत रॅकवर राहिली. दोन काउंटर बंद होते. समोर बसलेल्या मुलीला चूक दिसत होती, पण ती दुरुस्त करायचा अधिकार नव्हता. ज्याला अधिकार होता तो हाकेच्या अंतरावर नव्हता. मागचे लोक कुरकुरायला लागले आणि चारचौघांत आपल्याला खोटं पाडलं जातंय, असं त्या माणसाला वाटलं. त्यानंतर त्याने जे केलं तो गुन्हा आहे आणि ६० रुपयांची चूक त्या गुन्ह्याला तसूभरही हलका करत नाही. तरीही स्कॅनर हवेत जाण्याआधीच्या पाचही पायऱ्या तुमच्या दुकानातल्या होत्या, आणि त्यांतली कुठलीही एक तुटली असती तर गोष्ट बहुधा तिथेच थांबली असती. कोण माणूस येणार हे तुमच्या हातात नाही, पण तो आल्यावर त्याला काय सापडेल, हे बऱ्यापैकी तुमच्याच हातात आहे.

कायदाही याच बाजूने बघतो. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ कामगारांच्या आरोग्याची आणि सुरक्षिततेची उपाययोजना मालकावर टाकतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेली केंद्राची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यपरिस्थिती संहिता, २०२० सांगते की कामाच्या जागी इजा होईल असा धोका राहू नये, हे बघणं मालकाचं कर्तव्य आहे. तुमच्या प्रकरणाला सगळ्यांत नेमका लागणारा कायदा मात्र २०१३ चा आहे: कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणारा. त्याच्या कलम १९ मध्ये मालकाने सुरक्षित वातावरण द्यायचं म्हटलं आहे आणि त्यात कामाच्या जागी संपर्कात येणाऱ्या माणसांपासूनची सुरक्षितताही स्पष्ट धरली आहे. म्हणजे गिऱ्हाईकसुद्धा त्यात आलं. तो तिच्या शरीरावरून बोलला त्या क्षणी हा कायदा तुमच्या दुकानात आला. दहा किंवा अधिक माणसं असतील तर अंतर्गत समिती हवीच: अध्यक्षपदी वरिष्ठ महिला कर्मचारी, कर्मचाऱ्यांमधले किमान दोघे, महिलांसाठी काम करणाऱ्या संस्थेतली बाहेरची एक व्यक्ती आणि एकूण सदस्यांत निम्म्या तरी महिला. समितीचा उल्लेख तुमच्या पत्रात कुठेच नाही. नसेल तर या आठवड्यात नेमा आणि नेमणुकीचा आदेश सगळ्यांना दिसेल असा लावा. समिती न नेमल्याबद्दल ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे, पण मी दंडाच्या भीतीने सांगत नाही. त्या संध्याकाळी आत कोणाकडे जायचं, हे त्या मुलीला माहीत असायला हवं होतं.

आता मिटवण्याबद्दल. हे तुम्हाला लागेल, पण लिहिणं भाग आहे: जे मिटवलं ते मिटवायचा अधिकार तुम्हाला नव्हता. साध्या दुखापतीचा गुन्हा, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ११५(२), तडजोडीने मिटू शकतो हे खरं. पण ती तडजोड ज्याला दुखापत झाली त्यानेच करायची असते. मालकाने नाही, वडिलांनी नाही, गावातल्या चार माणसांनी नाही. तुमचा हेतू तिला त्रासातून वाचवण्याचा असेलही. तिच्यापर्यंत मात्र एवढंच पोचलं की आपल्या कपाळाचा भाव दुसऱ्यांनी बसून ठरवला. ती आज कॅशवर बसत नाही याला स्कॅनरइतकीच ती बैठकही कारण आहे, असं मला वाटतं.

तेव्हा “आता पोलिसांत जावं का” हा प्रश्न तिला विचारा. दुकानातल्या एखाद्या मोठ्या बाईसमोर, बसून, आणि असं सांगून की निर्णय काहीही घेतलास तरी नोकरी, पगार, पाळी यांत फरक पडणार नाही. १०,००० रुपये देताना कुठल्या कागदावर सही घेतली असेल तर तो कागद मध्ये आणू नका. ती नको म्हणाली तर विषय तिच्यासाठी उघडा ठेवा. हो म्हणाली, तर पुढचं माहीत असू द्या.

वेळ गेलेली नाही. ११५(२) ला शिक्षा एक वर्षापर्यंतची आहे आणि अशा गुन्ह्याची न्यायालयाने दखल घेण्याची मुदतही एक वर्षाची. समितीकडे लेखी तक्रार द्यायला घटनेपासून तीन महिने मिळतात. ठाण्यात तुम्हाला बहुधा ऐकवतील की “एनसी करून घेतो”. एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. नुसती ११५(२) अदखलपात्र असते आणि अशा नोंदीवर दंडाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तपास होत नाही. पण स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान होईल असं बोलणं हे न्याय संहितेचं कलम ७९ आहे आणि ते दखलपात्र आहे. अनेक गुन्ह्यांत एक जरी दखलपात्र असला तरी सगळं प्रकरण दखलपात्र धरायचं, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७४ म्हणतं. म्हणून तो जे बोलला ते शब्द तक्रारीत जसेच्या तसे यायला हवेत. “शिवीगाळ केली” एवढंच लिहिलं की प्रकरण एनसीत जातं. बहुतेक तक्रारी इथेच गळतात. ते शब्द पुन्हा उच्चारणं तिला जड जाईल, म्हणून घरी शांतपणे लिहून न्यावेत. कलम ७९ ची माहिती महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची असते, तशी मागणी करा. एफआयआरची प्रत फुकट मिळते. ठाण्याने नोंद नाकारली तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज करता येतो. पाच आठवडे उशीर का झाला, ते खरं सांगावं: दुकानाच्या पातळीवर मिटवलं गेलं होतं.

सोबत टाके घातलेल्या डॉक्टरांचे कागद हवेत, आणि सीसीटीव्हीचं चित्रण हवं. ते राहिलं आहे का? दोन मेगाबिटवर चालणारा एक कॅमेरा दिवसाला साधारण २१ ते २२ जीबी भरतो. आठ कॅमेरे असतील तर दिवसाचे १७० जीबी होतात, आणि १ टीबीची हार्ड डिस्क सहा दिवसांत भरून जुन्यावर लिहायला लागते. महिनाभराचं चित्रण ठेवायचं तर अशा दुकानाला ६ टीबी लागतात. त्या रात्री कोणी मोबाइलवर काढून ठेवलं असेल तर ती प्रत पुरावा म्हणून तोकडी पडू शकते. मूळ डिस्क काढून, पाकिटात घालून, तारीख घालून ठेवा आणि चित्रण साठवणाऱ्या यंत्रात, म्हणजे डीव्हीआरमध्ये, नवीन डिस्क बसवा. न्यायालयात असं चित्रण देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, त्यावर डीव्हीआर सांभाळणाऱ्या माणसाची आणि एका तज्ज्ञाची, दोघांच्या सह्या लागतात. इथून पुढे नियम ठेवा: काहीही घडलं की त्याच रात्री, शटर पडण्याआधी, चित्रण वेगळं काढायचं.

नाव खराब होण्याची भीती मला कळते. पण गावात त्या संध्याकाळची गोष्ट आधीच सगळ्यांना माहीत आहे. रांगेत उभे असलेले सगळे आपापल्या घरी गेले. लोक आता एवढंच बघताहेत की हे दुकान आपल्या माणसांच्या मागे उभं राहतं की नाही.

त्या १०,००० रुपयांबद्दलही एक बोलायचं आहे. तिचा पगार महिना २१,००० रुपयांच्या आत असेल आणि दुकान ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत, असेल, तर ही कामावरची इजा म्हणून ईएसआयला कळवायला हवी होती. उपचार मोफत, आणि कामावर येता न आलेल्या दिवसांसाठी वेतनाच्या सुमारे ९० टक्के लाभ मिळतो. इजेमुळे किमान तीन दिवस काम बंद असलं पाहिजे, तिचे तर आठ गेले. हल्ला म्हणजे अपघात कसा, असं ऑफिसात विचारलं जाईल. कामामुळे ओढवलेला हल्ला नुकसानभरपाईच्या कायद्यात अपघात धरला जातो. रिक्षा चोरताना चालकाचा खून झाला, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००० साली हेच म्हटलं आहे. अपघात वहीत नोंद करा आणि अहवाल उशिरा का होईना पाठवा. पुढे डोकेदुखी सुरू झाली, नजरेला त्रास झाला, तर हाच कागद तिच्या कामाला येईल. ईएसआय नसेल तर भरपाईची जबाबदारी सरळ तुमच्याकडे येते.

मुलींऐवजी मुलं बसवण्याचा विचार सोडून द्या. २०१७ च्या दुकाने कायद्याचं कलम १३ भरती, प्रशिक्षण, बदली, बढती आणि वेतन यांत स्त्रियांशी भेदभाव करायला मनाई करतं. मार खाल्लेल्या मुलीला कॅशवरून काढून पाकिटं भरायला बसवणं ही शिक्षा तिला होते, त्याला नाही. आणि प्रश्न सुटतही नाही. पाटी चुकीची, रांग मोठी आणि अधिकार शून्य असेल तर तिथे मुलगा बसला तरी भांडण होणारच; कदाचित मुलगा उलटा हात उचलेल आणि मग तुमच्या माणसावरही गुन्हा नोंदला जाईल.

याच कलमातली दुसरी गोष्ट तुमच्या नजरेतून सुटलेली दिसते. दुकान १० ला बंद होतं, म्हणजे गल्ला जुळवून मुली साडेदहाच्या आधी निघत नसतील. रात्री साडेनऊनंतर स्त्रीला कामावर ठेवायचं तर तिची संमती हवी, तिच्या सन्मानाची आणि सुरक्षिततेची व्यवस्था हवी आणि तिला घराच्या दारापर्यंत पोचवायची सोय मालकाने करायची असते. कार्यपरिस्थितीच्या नवीन संहितेत संमतीची वेळ संध्याकाळी ७ नंतरची धरली आहे, म्हणून सातनंतरच्या पाळीची लेखी संमती घेऊन ठेवा. दोघी संध्याकाळ नको म्हणतात, ती नाराजी समजू नका. बिलिंगच्या मुली ९ ला मोकळ्या करून शेवटचा तास पुरुष कर्मचाऱ्यांनी चालवायचा, की ठरलेली गाडी लावायची, ते हिशेब करून ठरवा. मात्र पाळी बदलली म्हणून पगार कापायचा नाही.

बाउन्सरचं सांगतो. दारात धिप्पाड माणूस उभा केला की दुकान सुरक्षित होतं, ही समजूत फार पसरली आहे. तुमच्या प्रकरणात दारातला माणूस काय करणार होता? भांडण कॅशवर झालं, मिनिटभरात झालं, आणि आत येताना तो माणूस साधं गिऱ्हाईक होता. उलट रागावलेल्या माणसाच्या छातीला छाती लावून उभा राहणारा बाउन्सर त्याला माघारीची वाटच ठेवत नाही. कायद्याने त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त अधिकारही नाही. सामान्य नागरिकाला कोणाला धरून ठेवायचं तर गुन्हा आपल्यासमोर घडलेला, दखलपात्र आणि अजामीनपात्र असावा लागतो, आणि त्या माणसाला जास्तीत जास्त सहा तासांत पोलिसांच्या हवाली करावं लागतं. ५,००० रुपयांच्या आतली, पहिल्यांदाच केलेली चोरी, माल किंवा त्याचे पैसे परत मिळाले तर, आता अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. तिला शिक्षा समाजसेवेची. म्हणजे चॉकलेट किंवा शाम्पू खिशात घातला म्हणून पोराला गोडाऊनमध्ये कोंडलंत, झडती घेतलीत, तर बेकायदा डांबून ठेवल्याचा गुन्हा तुमच्यावर येऊ शकतो. शिवाय दुकानातली बरीच मारामारी नेमकी चोराला अडवतानाच होते. त्याने माल घेऊन सुटण्यासाठी कोणाला ढकलून दुखापत केली, की चोरीची जबरी चोरी होते. तुमचा शाम्पू ९० रुपयांचाच राहतो आणि तुमचा माणूस रुग्णालयात जातो. म्हणून सगळ्यांना एक गोष्ट लेखी द्या: मालासाठी किंवा गल्ल्यासाठी कोणीही अंगावर जायचं नाही, मागे धावायचं नाही, आणि माल गेला म्हणून कोणाच्या पगारातून पैसे कापले जाणार नाहीत. हे शेवटचं लिहिलं नाहीत, तर पहिल्या दोन गोष्टी कोणी पाळणार नाही.

रखवालदार हवाच असेल तर परवाना असलेल्या संस्थेकडून किंवा सुरक्षा रक्षक मंडळाकडून, गणवेशातला, बोलायला चांगला माणूस घ्या. त्याचं काम दारात नमस्कार करणं, पार्किंगकडे लक्ष ठेवणं, रात्री मुलींना गाडीपर्यंत सोडणं आणि काउंटरवरून धोक्याची घंटा वाजली की ११२ ला फोन करणं. तेवढ्याला एक माणूस पुरतो.

बाउन्सरवर दरमहा जाणारे पैसे पुढच्या गोष्टींवर घाला.

सगळ्यांत आधी पाटी. ऑफर संपायच्या दिवशी, संगणकात दर बदलण्याआधी, त्या मालाची यादी छापून दोघांनी रॅकवरून फिरायचं, पाट्या काढायच्या, यादीवर खूण करायची आणि मगच शटर. सकाळी उघडण्याआधी हातातल्या स्कॅनरने कुठल्याही ३० वस्तू तपासायच्या. पंधरा मिनिटांचं काम आहे. तरीही चूक राहिली तर पाटीवरचा कमी दर जागेवरच द्यायचा, आणि तो देण्याचा अधिकार बिल करणारीलाच हवा. एका बिलामागे २०० रुपयांपर्यंत पासवर्डशिवाय दर उतरवता येईल अशी सोय बिलिंगच्या सॉफ्टवेअरवाल्याकडून करून घ्या. दिवसाला अशा दहा चुका ६० रुपयांच्या झाल्या तरी ६०० रुपये. आणि कोण किती उतरवतंय याची यादी रोज रात्री छापून येते, त्यामुळे गैरवापर लपत नाही. छापील एमआरपीपेक्षा जास्त तर घेताच येत नाही. “विकलेला माल परत घेतला जाणार नाही” ही पाटी असेल तर ती आजच काढा. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घेण्यास नकार देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. ती पाटी तुमचं काहीच वाचवत नाही, फक्त काउंटरवरच्या मुलीला एका हरणाऱ्या वादात उभं करते. पिशवीचे पैसे घेत असाल तर ते आत येतानाच दिसेल असं लिहा, बिल झाल्यावर सांगू नका. रविवारी ६ ते ९ चारही काउंटर चालू ठेवा आणि एका रांगेत चारपेक्षा जास्त माणसं दिसली की फ्लोअरवरच्याने बिलिंगला यायचं.

मग काउंटर. ७५ सेंमी रुंदीच्या टेबलावरून हात सरळ समोरच्याच्या चेहऱ्यापर्यंत जातो. ९० ते १०० सेंमी असेल तर माणसाला वाकावं लागतं, आणि तेवढ्यात मागे सरकता येतं. पण मागे सरकायला जागा हवी. खुर्चीमागे खोक्यांची चळत नको, ९० सेंमीची मोकळी वाट हवी आणि ती बाजूने बाहेर निघणारी हवी. तीन बाजूंनी बंद काउंटरमध्ये बसवलेली मुलगी पिंजऱ्यात असते. हातातला सुटा स्कॅनर गिऱ्हाइकाच्या बाजूला ठेवू नका: टेबलात बसवलेला घ्या, नाहीतर आखूड गुंडाळी वायरीचा, तिच्या बाजूच्या खुंटीवर. कार्डाचं मशीन स्टँडला स्क्रूने पक्कं करा. मधाच्या काचेच्या बाटल्या, लोणच्याच्या बरण्या, आणि विशेषतः स्वयंपाकाच्या सुऱ्या काउंटरपासून लांब ठेवा. सुऱ्या काचेच्या कपाटात, कुलपात. काउंटरसमोरचे रॅक छातीच्या उंचीचेच ठेवा, म्हणजे बाकीच्यांना ती दिसत राहील. गल्ल्यात ५,००० पेक्षा जास्त जमलं की जादा पैसे लिफाफ्यात घालून फटीच्या तिजोरीत टाकायचे आणि “गल्ल्यात थोडीच रोकड असते” असं बाहेर लिहायचं. तरीही कोणी शस्त्र दाखवलं तर गल्ला उघडून द्यायचा, काहीही न बोलता.

गुडघ्याजवळ, टेबलाखाली, बिनतारी घंटेचं बटण बसवा. घंटा गोडाऊनमध्येही ऐकू जायला हवी, ऑफिसात लाल दिवा लागायला हवा. दर सोमवारी दाबून बघा. अशी बटणं बहुतेक वेळा बॅटरी संपल्यामुळे ऐन वेळी मुकी राहतात. बटणापर्यंत हात जात नसेल तर हाक हवी. “पाच नंबरचा रोल संपला” असली हाक घेऊ नका, रोल खरंच संपतो आणि मग कोणी धावत नाही. “निळी फाईल आणा” ठेवा, जी तुमच्या दुकानात नसतेच. घंटेनंतर कोणी काय करायचं ते नावानिशी ठरलेलं असू द्या: एक जण काउंटरकडे, एक ११२ ला, एक बाकीच्या गिऱ्हाइकांना बाजूला घेऊन. कोणीही अंगाला हात लावायचा नाही.

शब्दांवर तासभर घालवा, तो वाया जाणार नाही. “शांत व्हा”, “ओरडू नका” यांनी माणूस चढतो. “सिस्टीममध्ये असंच दाखवतंय” याचा अर्थ त्याला “तुम्ही खोटं बोलताय” असा लागतो. त्याऐवजी “पाटी बघून येते, दोन मिनिटं” असं म्हणून तिने उठून जावं. त्याला वाटतं आपलं ऐकलं; तिला खुर्चीतून सुटका मिळते; आणि रॅकपाशी दुसरं कोणीतरी असतं. पुढचं बोलणं वरिष्ठाने करायचं, रांगेपासून बाजूला, कॅमेऱ्याच्या टप्प्यात, पण बंद केबिनमध्ये नाही. दोन हातांचं अंतर ठेवून, थोडं तिरकं उभं राहून, हात दिसतील असे ठेवून. बघे बाजूला झाले की निम्मा ताव उतरतो. शिवी आली तर एकदाच सांगायचं: “तुमचं म्हणणं ऐकतोय. पुन्हा शिवी दिलीत तर बिल इथेच थांबेल.” दुसऱ्यांदा आली की खरंच थांबवायचं आणि बाहेरची वाट मोकळी ठेवायची. दिलेली ताकीद एकदा सोडून दिली की पुढच्या वेळी मुलींच्या शब्दाला वजन राहत नाही, म्हणून त्या क्षणी मालकाने मध्ये पडून “जाऊ दे, घ्या साहेब” असं कधीही म्हणायचं नाही. गावातल्या दुकानात हे सगळ्यांत अवघड जाईल याची मला कल्पना आहे.

त्या माणसाला दुकानात येऊ नका असं लेखी कळवता येतं. कारण वागणुकीचंच लिहा, तारखेसकट. धर्म, जात, लिंग, जन्मस्थान यावरून कोणाला दुकानात मज्जाव करता येत नाही, हे राज्यघटनेचं कलम १५ सांगतं. कळवूनही तो धमकवायला आत येऊन उभा राहिला तर तो अतिक्रमणाचा विषय होतो आणि मग पोलिसांना बोलवायला तुमच्याकडे कागद असतो.

कॅलिफोर्नियात १ जुलै २०२४ पासून बहुतेक मालकांना लेखी आराखडा, हिंसेच्या घटनांची नोंदवही आणि दरवर्षी प्रशिक्षण हे तिन्ही सक्तीचं आहे. आपल्याकडे असा वेगळा कायदा नाही, पण त्यांची वही आपल्याला उपयोगी आहे. ते हिंसेचे चार प्रकार वेगळे लिहितात: लुटायला आलेला परका, गिऱ्हाईक, सोबत काम करणारा, आणि कामगाराच्या घरच्या नात्यातला कोणी. तिसरा आणि चौथा प्रकार आपण लिहीतच नाही. सुपरवायझरने गोडाऊनमध्ये हात धरणं, किंवा नवऱ्याने दुकानात येऊन तमाशा करणं, याला “तिची घरगुती भानगड” म्हटलं जातं, आणि तो नवरा मात्र तिची पाळी कधी सुटते हे ओळखून असतो. वहीत तारीख, वेळ, काउंटर, सुरुवात कशावरून झाली, नेमके शब्द, तेव्हा ती एकटी होती का, घंटेनंतर किती सेकंदांत कोण पोचलं, आणि त्यानंतर दुकानात काय बदललं, एवढे रकाने पुरे. हात उगारला गेला नाही, नुसती शिवी आली, तरी लिहायचं. महिन्याच्या शेवटी सगळ्यांसमोर वाचायची. या वहीवरून एकदा जरी कर्मचाऱ्याला झापलंत तरी त्या दिवसापासून ती कोरी राहील.

प्रशिक्षण म्हणजे वक्ता बोलावणं नव्हे. मंगळवारी दुपारी, गर्दी नसताना, दोन तास, आपल्याच काउंटरवर, एकाने चिडलेलं गिऱ्हाईक व्हायचं. घंटा, हाक, उठून जाणं, सगळं करून बघायचं. नवीन मुलीला हे झाल्याशिवाय कॅशवर बसवू नका. बाकीच्यांना दर सहा महिन्यांनी.

राहिली ती. तिला समजावून कॅशवर बसवायची घाई करू नका. काउंटर बदला, घंटा लावा, आणि मग तिला दाखवा. बसायचं की नाही ते तिने सांगावं, आणि तोपर्यंत पगार कॅशचाच मिळावा. झोप लागत नसेल, आवाज चढला की दचकत असेल, तर १४४१६ हा टेलिमानसचा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. शक्य असेल तर एखाद्या समुपदेशकाची फी तुम्ही भरा. “तुला न विचारता मिटवलं, ते चुकलं,” हे वाक्य तुमच्या तोंडून जायला हवं, ज्यांच्यासमोर मिटवलं त्यांच्यासमोर नाही जमलं तरी तिच्यासमोर. आणि संध्याकाळ नको म्हणणाऱ्या दोघींनाही आराखड्याच्या पहिल्या बैठकीला बसवा. पार्किंगमधला कुठला दिवा गेला आहे, स्कूटरपाशी रोज कोण रेंगाळतं, कुठल्या काउंटरवरून हाक मारली तर कोणालाच ऐकू येत नाही, हे त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे. त्या जे पहिलं काम सांगतील ते त्याच आठवड्यात करून टाका.